खसऱ्यातलं नाव

पटवाऱ्यांनी (तुमच्याकडचे तलाठी) विचारलं, "मॅडम, इसमें से आपका कौन-सा है?" आणि मी अगदी ठामपणे शेजारच्या पाटीदारांच्या शेताकडे बोट दाखवलं. बांधावर उभे असलेले, आमची जमीन कसणारे बा खाली मान घालून हसले. मग त्यांनीच हवेत हाताने रेघ ओढली, "वो खाखरा का झाड़ से लई ने वां बोर तक." पटवाऱ्यांनी मोबाईलवर काहीतरी टिपलं. माझं तोंड उतरलं होतं. त्यांनी मात्र कुठलाच भाव दाखवला नाही. अशी बोटं त्यांनी बरीच पाहिलेली असावीत.

मी इंदूरची. माहेर रामबागेतलं, सासर लोकमान्यनगरात. जमीन धार रस्त्याकडे. गंगवालवरून बस पकडायची, मग फाट्यावर उतरून टमटम. बारा बिघे. आमच्याकडे चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, म्हणजे तीन हेक्टर. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, तेव्हा घेतलेली. आजोबांनी ती उभं राहून करवून घेतली, बाबांनी रविवारी जाऊन पाहिली, आणि मी दरवर्षी घरी येणाऱ्या गव्हाच्या पोत्यांवरून तिला ओळखत आले. बावीस वर्षं ती बा कसतात. खत-बियाणं अर्धं-अर्धं, पीक अर्धं-अर्धं. कागद कुठलाही नाही. बाबा आणि बा दर अक्षयतृतीयेला ओट्यावर बसून हिशोब करत, गूळ-पाणी होई, झालं.

बाबा सरकारी शाळेतून निवृत्त झाले होते. २०१९च्या फेब्रुवारीत पीएम किसान सुरू झाली तेव्हा गावात याद्या लागल्या आणि प्रत्येक खातेदाराकडून स्वघोषणापत्र भरून घेतलं जात होतं. वर्षाला ६,००० रुपये, २,०००चे तीन हप्ते, थेट खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती, मग त्याच वर्षी ती अट काढून सगळ्या जमीनधारकांना केली. पण काही जण बाहेर: आयकर भरणारे, डॉक्टर-वकील-इंजिनीयर-सीए, सरकारी नोकरदार, आणि महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेले. शिपाई-चतुर्थ श्रेणी तेवढी सुटली. बाबांनी पेन्शनपुढे खूण केली आणि फॉर्म परत दिला. गावातल्या दोघा-तिघांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, कारण तेव्हा कोण तपासत होतं? पुढे अशांना वसुलीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

२०२४च्या जानेवारीत बाबा गेले. आई आधीच गेली होती.

वारस आम्ही तिघं: पुण्यातला भाऊ, भोपाळची बहीण, मी. भाऊ म्हणाला, "तू तिथे आहेस, तू बघ." या एका वाक्यावर माझं पुढचं दीड वर्ष गेलं.

मेलेल्या माणसाच्या जागी वारसांची नावं चढवण्याला आमच्याकडे फौती नामांतरण म्हणतात. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष, शपथपत्र, सगळ्यांचे आधार, समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), खसरा (तुमच्याकडचा सातबारा म्हणा), बी-१ (खात्याचा उतारा) आणि ऋण पुस्तिका (जमीन आणि कर्जाच्या नोंदींची वही). या ऋण पुस्तिकेला गावात 'पावती' म्हणतात, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. तोवर 'पावती लाओ' म्हटलं की मी भरलेल्या फीची पावती पुढे करत होते. झेरॉक्सचा खर्च मात्र शून्य. नवऱ्याचं झेरॉक्सचंच दुकान आहे, त्यामुळे मी प्रत्येक कागदाच्या पाच-पाच प्रती घेऊन फिरत होते आणि रांगेत उधारही देत होते.

अडलं ते आडनावावर. आमच्या आडनावात ळ आहे. मध्य प्रदेशात शंभर वर्षं राहिलेल्या मराठी घरांना विचारा, ळ ही काय चीज आहे ते. होळकरांचं इथे होलकर झालं, तिथे आमची काय कथा! खसऱ्यात बाबांच्या आडनावात ल, मृत्यूच्या दाखल्यात ड (कुणीतरी ळ ऐकून ड लिहिला असणार), आधारवर इंग्रजी एल. शिवाय खसऱ्यात नावापुढे 'राव' आहे, बाकी कुठेच नाही. आणि माझं तर नावच वेगळं: खसऱ्याला हवा 'पिता', माझ्या आधारवर नवरा. ही सगळी एकच माणसं आहेत असं शपथपत्र मी तीनदा केलं. नोटरीकडचा मुलगा शेवटी म्हणाला, "आंटी, आप लोग सरनेम ही बदल लो."

इश्तहार, म्हणजे जाहीर नोटीस, निघाला, पंधरा दिवस हरकतींसाठी. हरकत कुणाचीच नव्हती. वाद नसलेलं नामांतरण तीस दिवसांत व्हावं असं आहे. आमचं सात महिने चाललं. मधे हल्क्याचा पटवारी बदलला, मग निवडणुकीची कामं, मग संप, मग अहवाल 'वर' गेला आणि 'वर' कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी पैसे मागितले का, असं मला सगळे विचारतात. स्पष्ट कुणीच मागितले नाहीत. एकाने एवढंच विचारलं, "आप अकेली ही आती हो?" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

ऑगस्टअखेर नावं चढली. खसऱ्याच्या नव्या प्रतीत तीन नावं एकाखाली एक. मी ती नवऱ्याच्या दुकानात काचेखाली ठेवली. उगाचच.

तेव्हाच ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कियॉस्कवाल्याने विषय काढला, "मॅडम, पीएम किसान का भी डाल दूँ?" मी म्हटलं, मी कुठली किसान? तो म्हणाला, खसऱ्यात नाव आहे ना? मग किसान. शिवाय राज्याची किसान कल्याण योजना याच यादीवर चालते. तिचेही वर्षाला ६,०००. आधी ४,००० होते, २०२३ला वाढवले. म्हणजे १२,०००.

आणि मग त्याने जो हिशोब सांगितला तो मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान भाऊ-बहिणी वेगळी कुटुंबं. बाबा असते आणि पेन्शन नसती तर या बारा बिघ्यांवर एक ६,००० आले असते. आता त्याच बारा बिघ्यांवर तीन नावं, म्हणजे तीन वेळा ६,०००. जमीन तेवढीच, बोर तोच, सोयाबीन तेवढीच, कसणारे बा एकटेच, आणि 'शेतकरी' झाले तीन. गावातल्या चाळीस बिघेवाल्या पाटीदारालाही ६,०००च, दोन बिघेवाल्यालाही ६,०००च. मला हे आधी फार न्यायाचं वाटलं. हप्ता जमिनीच्या आकाराने वाढत नाही, हे खरंच चांगलं आहे. फक्त ज्याच्याकडे जमिनीचं नाव नाही त्याचा आकडा कुठल्याच रकान्यात नाही.

आमच्यातला भाऊ बाद, तो पुण्यात इंजिनीयर आणि आयकर भरतो. बहीण बाद, मेहुणे कर भरतात, आणि घरातल्या एकानेही भरला तरी कुटुंब बाद. उरले मी. झेरॉक्सचं दुकान आणि माझ्या शिकवण्या मिळून कर बसत नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९च्या आधीची असावी लागते, पण वारशाने आलेली चालते. म्हणजे नियमाच्या प्रत्येक ओळीत मी बसत होते. एकच ओळ मी शोधत होते, 'आपण स्वतः शेती करता का?' ती फॉर्मवर नव्हती.

नवऱ्याला म्हटलं, बरोबर नाही वाटत. तो मशीनमधला अडकलेला कागद ओढता ओढता म्हणाला, "घे की. आपण कुठे चोरी करून राहिलोय?" चोरी नव्हतीच. मी अर्ज टाकला.

फार्मर आयडी काढला, समग्रची केवायसी, आधारची केवायसी, खसऱ्याला आधार जोडणं. सहकारी बँकेतलं माझं खातं थेट लाभाला जोडलेलं नव्हतं, म्हणून दुसरं. मग पटवाऱ्यांची पडताळणी, तेच ते चुकीचं बोट. त्यानंतर अर्ज तहसील पातळीवर, जिल्हा पातळीवर, राज्य पातळीवर. स्थिती मोबाईलवर दिसते. रोज सकाळी पोहे खाताना मी ती पाहत असे आणि ती रोज तीच असे.

या सगळ्या काळात माझं गावात जाणं वाढलं. जे मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं ते पाहिलं. उदाहरणार्थ खत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १,३५०ला, हे भाव सरकारी अनुदानामुळे. अनुदान कंपनीला जातं, पण भाव उतरलेला असतो म्हणून तो कसणाऱ्यापर्यंत पोचावा. कागदावर हे सगळ्यात सरळ, कारण गोणी कोण शेतात टाकतो हे बघावंच लागत नाही. पण आमच्या गावात गोणी मिळते सोसायटीत, आणि सोसायटीत खातं पावतीवर. बाबा होते तोवर त्यांच्या खात्यावर बा उचलत. बाबा गेले, खातं बंद. ते दोन हंगाम बांनी बाजारातून डीएपी घेतली. कितीला, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "बाईजी, रेट तो रेट ही है," आणि बिल मागितल्यावर खत संपल्याचं त्याला आठवलं.

सोसायटीतलं बिनव्याजी पीककर्जही तसंच, ३ लाखांपर्यंत. पावतीवाल्याला शून्य टक्के. बांनी पेरणीला पैसे घेतले ते गावातल्या एका घरून, शेकडा दोन रुपये महिना.

२०२५चा खरीप वाईट गेला. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला, मग सप्टेंबरात नको तेव्हा पाऊस. शेंगा होत्या, दाणे भरले नव्हते. ऑक्टोबरात सरकारच्या भावांतर योजनेत सोयाबीनची नोंदणी सुरू झाली. हमीभाव ५,३२८. मंडीत त्याहून कमी मिळालं तर सरकारने काढलेला मॉडेल दर आणि हमीभाव यातला फरक खात्यात. २०१७ला ही योजना पहिल्यांदा आली होती, तेव्हा बाबांनी त्यातले पैसे बांना अर्धे मोजून दिल्याचं मला आठवतं. ओट्यावर, नोटा थुंकी लावून.

नोंदणीला आम्ही दोघं मिळून गेलो. ऑपरेटरने खसरा पाहिला आणि मला विचारलं, "किसान आप?" मी बांकडे पाहिलं. बा म्हणाले, "हाँ, येई हे." मी विचारलं, बांचं नाव नाही का घालता येणार? तो म्हणाला, येईल की, सिकमीनामा आणा.

सिकमीनामा म्हणजे जमीन कसायला दिल्याचा लेखी करार. इथे मला पहिल्यांदा कळलं की मार्ग आहे. मध्य प्रदेशात २०१६पासून भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदार (वाट्याने कसणारा) यांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे. दोघांनी करार करायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा, एक प्रत तहसीलदारांकडे. मग पिकाची नुकसानभरपाई असो वा विमा, करारातल्या वाट्याप्रमाणे बटाईदारालाही मिळते. आणि त्यातच लिहिलंय की करारामुळे जमिनीवर त्याचा हक्क तयार होत नाही. मी गावात पाच-सहा जणांना विचारलं, असा करार कुणी केलाय? एकाने केला होता. त्याच्या मेहुण्याशी.

रात्री भावाला फोन केला. तो आधी ऐकून घेत होता, मग म्हणाला, "लिहून काही द्यायचं नाही." का, तर ताबा. हे त्याचं एकट्याचं नाही. जुन्या भू-राजस्व संहितेत तीन वर्षांत एकाच वर्षी जमीन दुसऱ्याला कसायला देता येई. नियम मोडून दिली तर कसणाऱ्याला मौरुसी, म्हणजे कायम कुळाचा, हक्क लागे. तो नियम आमच्या आजोबांच्या पिढीच्या हाडात मुरलेला आहे. म्हणून माळव्यात बटाई तोंडी, आणि कधीकधी दोन-तीन वर्षांनी कसणारा बदलायचा. आजोबांनी निदान बांच्या वडिलांना बदललं नाही, हा आमच्या घरचा मोठेपणा समजला जातो. मी भावाला कायद्यातली ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "ताई, बा चांगलेत. बांची मुलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बांच्या मोठ्या मुलाला मी दोनदाच भेटलेय.

नोंदणी माझ्या नावाने झाली, दोघांची संमतिपत्रं जोडून. सोयाबीन लक्ष्मीबाईनगर मंडीत गेली. बत्तीस क्विंटल, एवढ्या शेतात हे काहीच नाही. ट्रॉली बांची, रात्रभर रांगेत झोपले बा, आणि तौलपट्टीवर (वजनाच्या पावतीवर) नाव माझं. मी सकाळी रिक्षाने गेले, बरोबर डब्यात थालीपीठं घेऊन. आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं ना, ते तसं.

नोव्हेंबरच्या मध्यावर भावांतरचे पैसे आले, क्विंटलमागे तेराशेच्या आसपास. आणि १९ तारखेला पीएम किसानचा हप्ता, २,०००. देशासाठी तो एकविसावा होता, माझा पहिला. मी शिकवणी घेत होते, सातवीची मुलं अपूर्णांक करत होती, फोन टेबलावर थरथरला. 'आपके खाते में' एवढंच वाचलं आणि तो पालथा ठेवला.

भावांतरचं सोपं होतं. अर्धे बांचे, बाबांची रीत. शनिवारी बँकेतून काढले आणि गावी गेले. त्या २,०००चं मात्र ठरेना. ते पिकाचे नाहीत, जमिनीचेही नाहीत, मग कशाचे? मी ते वेगळ्या पाकिटात घालून नेले होते. बांनी आधीचे मोजून घेतले, पाकीट उघडून पाहिलं आणि परत केलं. "यो तो तमारो हे, सरकार ने दियो." मी म्हटलं, बा, खेत तो आप करते हो. ते म्हणाले, करतो, त्याचा वाटा मिळाला. आणि मग सहज, विडी पेटवता पेटवता, "म्हारो बी तो अटक्यो पड़्यो हे."

बांची स्वतःची अडीच बिघे आहेत, गावाच्या दुसऱ्या अंगाला, हे मला माहीतच नव्हतं. खातं अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर. वडील इंदिरा गांधी गेल्या त्या साली गेले. चाळीस वर्षांहून जास्त काळ खसऱ्यात एक मेलेला माणूस अडीच बिघे कसतो आहे, आणि त्यामुळे जिवंत भावांपैकी एकालाही ना हप्ता, ना सोसायटी, ना भावांतर. कियॉस्कवर बा एकदा गेले होते. त्याने सांगितलं फौती करवा लो. कशी, ते सांगितलं नाही.

कशी ते आता मला तोंडपाठ होतं.

त्याच ओट्यावर, पाकिटाच्या पाठीवर, मी वंशवृक्ष काढायला बसले. बांनी सांगितलं: तीन भाऊ, मधला वारला, त्याची दोन मुलं. मी रेघा ओढल्या. मग विचारलं, बहिणी? बा गप्प. मग म्हणाले, दोन. पण "बेन होण के तो सब दई दियो, ब्याव में." मी म्हटलं, फॉर्ममध्ये सगळ्या वारसांची नावं लागतात, त्यांना नको असेल तर त्यांनी हक्क सोडल्याचं लिहून द्यावं. बांनी माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. माझं नाव कसं चढलं होतं ते त्यांनी पाहिलं होतंच.

मोठी बहीण देवासजवळ राहते. मला वाटलं होतं सही करून मोकळी होईल. ती आली, आधार पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि बांना नाही, मला विचारलं, "तमारो नाम चढ्यो?"

मी हो म्हटलं.

"तो म्हारो बी चढाओ."

तिच्या नावावर नवऱ्याची जमीन नाही, तो गाडी चालवतो. हिशोब तिने देवासहूनच करून आणला होता, माझ्या कियॉस्कवाल्यापेक्षा पक्का: सहा नावं चढली तर सहा घरांत हप्ता. बांनी विडी विझवली. "अढ़ई बिघा में छे?" ते म्हणाले. पण पाकीट माझ्या हातून काढून घेतलं नाही.

धाकटी बहीण म्हणाली, भाऊ म्हणतील तसं. तिचंही नाव मी लिहिलं. मधल्या भावाच्या मुलांची समग्रमधली जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नाही, त्याचं शपथपत्र नवऱ्याच्या दुकानातून टाईप करून नेलं. खसऱ्यात बांच्या वडिलांचं नाव तीन अक्षरी आहे, गावात सगळे दोन अक्षरीच म्हणत. त्याचं आणखी एक. झेरॉक्स पाच-पाच.

अर्ज लागला, इश्तहार पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलाय, लसीकरणाच्या कागदाशेजारी. पंधरा दिवस येत्या गुरुवारी भरतील. धाकट्या भावाची सही अजून आलेली नाही. तो म्हणतो, बहिणींची नावं कुणाला विचारून घातली. बा म्हणतात, येईल तो, गहू ओलवायला त्याला माझाच बोर लागतो.